कर्वेनगरचा प्रमाण माणूस

आमच्या संस्थेचं नाव 'मानवी चलनविज्ञान संशोधन व उपचार केंद्र'. पाटीवर ते मावावं म्हणून अक्षरं इतकी बारीक काढली आहेत की वाचायला माणसाला रस्ता ओलांडून यावं लागतं, आणि कर्वेनगरच्या त्या चौकात रस्ता ओलांडून जो धडधाकट पोचतो त्याच्या चालीत काही दोष असण्याची शक्यता कमीच. तरीही दिवसाला पंधरा-वीस लोक येतात. त्यातले दोन-तीन 'चलन' एवढंच वाचून वाहतुकीचा दंड भरायला आलेले असतात. त्यांना मी दारातूनच वाटेला लावते. मी कुसुम आगटे, इथली कार्यालय अधीक्षक. बावीस वर्षं नोकरी झाली, आणि केंद्रात विज्ञान सोडून जे जे काही चालतं ते माझ्यामुळे चालतं.

विज्ञान असं चालतं: माणसाच्या दोन्ही नडग्यांना, कमरेला आणि मनगटांना काडेपेटीएवढे सेन्सर पट्ट्यांनी बांधायचे आणि त्याला दहा मीटर लांबीच्या निळ्या रबरी पट्टीवरून चालवायचं. पाऊल किती लांब पडलं, हात किती हलला, डाव्या-उजव्यात फरक किती, हे सगळं ते सेन्सर संगणकाला कळवतात आणि संगणक रंगीत रिपोर्ट काढून देतो. पक्षाघातातून उठलेले आजोबा, घोटा दुखावलेले खो-खोचे खेळाडू, मॅरेथॉन पळायचं ठरवून तूर्त फक्त बूट घेतलेले आयटीवाले, सगळे त्या पट्टीवरून चालून गेले आहेत. रिपोर्ट रंगीत असला की आपल्याकडे अर्धा आजार तिथेच बरा होतो.

पण सांगायचं आहे ते नागोराव कऱ्हाळ्यांबद्दल. नागोराव आमचे शिपाई. हिंगोलीकडचे, ऐन विशीत भोसरीला कारखान्यात आले, कारखाना बंद पडला तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे लागले. कात्रजला दोन खोल्या. पत्नी गोदाबाई शाळेत मुलांची खिचडी शिजवतात. पस्तीस वर्षं पुण्यात काढलेल्या बाहेरगावच्या माणसाचं जे होतं तेच नागोरावांचं झालं होतं, म्हणजे जो भेटेल त्याने त्यांना सुधारलं होतं. कंडक्टरने सुट्ट्या पैशांवरून, दुकानदाराने दुपारी एक ते चार दार वाजवण्यावरून, आणि भाषेवरून सगळ्यात जास्त मी. ते "यायलो मॅडम" म्हणाले की मी फाइलमधून मान वर न करता "येतोय" म्हणे. त्यांना कधी राग आला नाही. मला कधी लाज वाटली नाही.

नऊ वर्षांपूर्वी हे यंत्र आलं तेव्हा त्याला शिकवायला एक निर्दोष चालीचा माणूस हवा होता. त्याची चाल यंत्राला दाखवायची, 'बघ, असं चालतात' म्हणून सांगायचं, आणि मग उरलेल्या जगाची त्याच्याशी तुलना करायची. बारा चालतज्ज्ञांच्या आमच्या केंद्रात असा एक माणूस सापडेना. संचालक डॉ. आमोद केळशीकर यांचे तळवे सपाट निघाले. उपसंचालक आरोग्यासाठी टेकडी चढायला गेले होते ते घोटा मुरगळून बसले होते. विद्यार्थी मोबाइलमध्ये डोकं घालून चालतात, त्यांना यंत्राने सत्तरीच्या पुढच्या गटात टाकलं. मला विचारलं तेव्हा साडीवरून पट्टे बांधून घेण्याइतकी विज्ञानाची ओढ मला नाही असं मी कळवलं. लेखी कळवलं. तेवढ्यात नागोराव चहाचा ट्रे घेऊन आले आणि कुणीतरी गमतीने म्हणालं, यांना चालवून बघा.

नागोराव चालले. संगणक हिरवा झाला. डाव्या-उजव्या पावलात एक टक्कासुद्धा फरक नव्हता. पुन्हा चालवलं, पुन्हा हिरवा. सहा वेळा चालवल्यावर डॉ. केळशीकर खुर्चीतून उठले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शिपायाशी हस्तांदोलन केलं. फाइलवर नोंद झाली: प्रमाण व्यक्ती क्रमांक एक, ना. कऱ्हाळे. ज्या शहरात प्रमाण बोलण्याचा मक्ता आपल्याकडेच आहे असं प्रत्येक गल्लीला वाटतं, तिथे प्रमाण चालणारा माणूस हिंगोलीचा निघाला. ही गोष्ट मला पचायला आठवडा लागला.

त्या दिवसापासून रोज सकाळी सव्वानऊला नागोराव सेन्सर बांधून पट्टीवर सहा फेऱ्या मारत. यंत्र त्यांच्याशी जुळवून घेतलं जाई आणि मग दवाखाना उघडे. माणूस बदलला. पट्टीसाठी वेगळी, इस्त्रीची पँट आली. वाटेत पाय मुरगळू नये म्हणून ते फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने चालू लागले. तसे पुण्यात सगळेच चालतात, पण यांनी ते विज्ञानासाठी केलं. आपल्या चालीच्या पहिल्या आलेखाची प्रत लॅमिनेट करून त्यांनी घरी कॅलेंडरशेजारी टांगली. गोदाबाई एकदा डबा द्यायला आल्या तेव्हा माझ्याजवळ कुरकुरल्या, "घरी पाण्याची घागर बी उचलू देईनात. खांदा वाकडा होतो म्हणे."

ते येत्या मार्चअखेर निवृत्त होणार होते. निवृत्तीनंतरही रोज सकाळी पट्टीवर यायचं, मानद प्रमाण व्यक्ती म्हणून, असा शब्द डॉक्टरांनी दिला होता, आणि फेब्रुवारीत वर्धापनदिनाला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं होतं. नागोराव त्या शब्दावर जगत होते. एकदा टपाल फोडता फोडता ते मला सहज म्हणाले होते की ऑफिसात मी शिपाई, गावाकडं पुण्याला पळून गेलेला, पुण्यात बाहेरचा, पण त्या दहा मीटरवर मी चुकत नाही मॅडम. ती पट्टी सुटली तर मी कोण? मी त्यांना टपालाकडे लक्ष द्यायला सांगितलं.

आता केंद्राच्या कीर्तीबद्दल. गेल्या तीन-चार वर्षांत आमच्याकडे येणाऱ्यांची चाल सुधारत चालली असल्याचं संशोधनात दिसू लागलं. आधी थोडी, मग चांगलीच. त्यातही पुणेकरांचा उजवा पाय आणि उजवा हात भलताच चपळ होत असल्याचं आढळलं. दुसऱ्या कुठल्या गावाबद्दल असं काही निघालं असतं तर आम्ही यंत्र तपासलं असतं. पुण्याबद्दल निघालं, म्हणून शोधनिबंध लिहिला. दुचाकीचा ब्रेक उजव्या पायाने दाबतात, त्या अखंड व्यायामाने पुणेकराची उजवी बाजू विकसित झाली आहे, असा सिद्धान्त डॉ. केळशीकरांनी मांडला. निम्मं पुणे बिनगिअरच्या स्कूटरवर फिरतं, तिला पायाचा ब्रेकच नसतो, त्याचं काय, हे त्यांना कुणी विचारलं नाही. वर्तमानपत्रात चौकट आली, परिषदेत टाळ्या पडल्या. मीसुद्धा ती चौकट कापून नोटीस बोर्डावर लावली, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून.

त्याच काळात हजेरीपटावरची नागोरावांची सही बारीक होत गेली. आधी ती चौकट भरून असे. मग निम्मी झाली, मग तांदळाच्या दाण्याएवढी. वर्षअखेरीला पट तपासताना मला भिंग घ्यावं लागलं. मी त्यांना बोलावून विचारलं, शाई काय तुमच्या खिशातली खर्च होते का? ते ओशाळून हसले, म्हणाले मोठी काढायला जातो पण हात आखडतो. मी म्हटलं, आखडता हात फक्त वेतनवाढीच्या वेळी संस्थेने घ्यायचा असतो. माझ्या या वाक्यावर तेव्हा मीच खूश झाले होते. आज आठवलं की माझी मलाच चीड येते.

जानेवारीत तनया आली. तनया बंगलोरहून शिकून आलेली संशोधक, वय अठ्ठावीस, बोलण्यात मराठी तोंडी लावण्यापुरतं. तिने नव्या सेन्सरचा संच मागवला. या संचाला आमच्या प्रमाण माणसाची गरज नव्हती, हजारो माणसांची चाल कंपनीनेच त्यात आधी भरलेली होती. तरी रिवाजाप्रमाणे पहिला मान नागोरावांचा. ते नवीन पँट घालून आले, सेन्सर बांधले, चालले.

संगणक लाल झाला.

सगळे हसले. यंत्रच खराब आलं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पत्र लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आणि असली पत्रं लिहिण्यात माझा हात धरणारं कर्वेनगरात तरी कुणी नाही. मी लिहिलं: 'आपण पाठवलेल्या यंत्राने आमच्या प्रमाण व्यक्तीची चाल सदोष ठरवली आहे. याच न्यायाने आपली मोजपट्टी उद्या मीटरला लांब म्हणेल. कृपया यंत्रास चालणे म्हणजे काय ते शिकवून परत पाठवावे.' यंत्र तीन आठवड्यांनी परत आलं, सोबत दोन ओळी, की यंत्रात दोष नाही. नागोराव पुन्हा चालले, पुन्हा लाल. मी दुसरं पत्र लिहिलं, ते पहिल्यापेक्षा तिखट होतं. नागोराव माझ्या टेबलाशी उभे राहून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. जाऊ द्या मॅडम, नवीन हाय मशीन, शिकंल, असं म्हणून त्यांनी कंपनीला माफही करून टाकलं. वर्धापनदिनाला दहा दिवस उरले असताना संच दुसऱ्यांदा परत आला, उत्तर तेच.

तनयाला पत्रलेखनात रस नव्हता. तिने जुन्या यंत्राचं मॅन्युअल मागितलं. ते माझ्या कपाटात होतं. नऊ वर्षं होतं. पानं मळू नयेत म्हणून मी ते खाकी कव्हर घालून कुलपात ठेवलं होतं, आणि ज्याला हवं असेल त्याने अर्ज करून, नोंदवहीत सही करून, दुपारी तीन ते पाच या वेळात तिथेच बसून वाचावं असा नियम केला होता. नऊ वर्षांत नोंदवहीत एकही सही नव्हती. मला त्याचा अभिमान होता, पुस्तक अगदी कोरं राहिलं होतं. तनयाने सही केली, तिथेच बसली, आणि चार वाजून दहा मिनिटांनी एक्केचाळिसावं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

त्या पानावर लिहिलं होतं की प्रमाण व्यक्तीची पहिल्या दिवसाची चाल कायम जपून ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी त्या व्यक्तीची स्वतंत्र तपासणी करावी. आमच्याकडे काय होत होतं? रोज सकाळी नागोराव चालायचे. यंत्राचे आकडे कालच्यापेक्षा थोडे वेगळे आले, तर ड्यूटीवरचा विद्यार्थी 'जुळवा' नावाचं बटण दाबायचा. दाबलं की त्या दिवशीची चाल हीच प्रमाण व्हायची. नागोराव कधीच चुकत नाहीत हे ठरलेलं होतं, त्यामुळे चूक नेहमी यंत्राची निघायची आणि यंत्र मुकाट्याने सुधारायचं.

तनयाने पहिल्या दिवसाचा आलेख आणि आजचा आलेख शेजारी ठेवले. मला आलेखातलं काही कळत नाही, पण हे आंधळ्यालाही दिसलं असतं. उजवं पाऊल आखूड झालं होतं. उजवा हात जवळजवळ हलतच नव्हता. "मॅडम, पुणेकरांची राइट साइड फास्ट नाही झालीये," ती हळू आवाजात म्हणाली, "काकांची राइट साइड स्लो झालीये. चार वर्षं. एव्हरी सिंगल डे."

बारा चालतज्ज्ञ. त्यांना रोज चहा आणून देणारा माणूस चार वर्षं एक हात न हलवता समोरून जात होता आणि सगळे दिवा हिरवा लागला का ते बघत होते. तज्ज्ञांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. ट्रे हातात असला की हात हलत नाही हे मी धरून चालले होते, आणि ट्रे नसताना त्यांच्याकडे बघण्याचं मला कधी कारण पडलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी घरी जाऊन रडले. माझ्या स्वभावात ते बसत नाही, पण रडले.

दुसऱ्या दिवशी डॉ. केळशीकरांच्या खोलीत बैठक झाली. डॉक्टर वाईट माणूस नाहीत, फक्त त्यांना स्वतःचा शोधनिबंध पाठ आहे. त्यांनी नागोरावांना लगेच मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवायचं ठरवलं, ओळखीने दुपारचीच वेळ घेतली, स्वतःच्या गाडीतून पाठवलं. पुढचा प्रश्न तनयाने काढला. चार वर्षांत ज्यांची उजवी बाजू दुबळी होती अशा लोकांना यंत्राने 'उत्तम' म्हणून घरी पाठवलं असणार. तिने रात्रीतून यादी काढली होती, दोनशे बारा नावं. त्यांना परत बोलवायला हवं.

डॉक्टर म्हणाले, वर्धापनदिन होऊन जाऊ दे. मग म्हणाले, अनुदान समिती येऊन जाऊ दे. शेवटी म्हणाले की यंत्र शांतपणे दुरुस्त करू आणि पुढच्या वार्षिक अहवालात याचा योग्य तो उल्लेख करू. योग्य तो उल्लेख म्हणजे तळटीप. आमच्या अहवालातली तळटीप वाचायला आमच्याच पाटीवरची अक्षरं वाचणारा माणूस लागतो.

नागोरावांना कंपवाताची सुरुवात होती. गोळ्या सुरू झाल्या, मेंदूच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, बरंच आयुष्य नीट काढता येईल म्हणाले. पण ते कशातून कळलं, यंत्राचं काय झालं होतं, हे नागोरावांना कुणीही सांगितलं नव्हतं. जुनं यंत्र बंद ठेवलं होतं, पट्टी गुंडाळून भिंतीला लावली होती. दोन दिवसांनी सव्वानऊला ते इस्त्रीची पँट घालून माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"आज बी पट्टी टाकली नाही मॅडम. मी कवाचा थांबलोय."

मी त्यांना बसायला सांगितलं. बावीस वर्षांत माझ्यासमोरच्या खुर्चीवर शिपाई बसलेला नव्हता, त्यामुळे ते आधी उभेच राहिले. मग मी सगळं सांगितलं. पहिला आलेख, आजचा आलेख, ते बटण, कपाटातलं मॅन्युअल, आणि मॅन्युअलला कुलूप कुणी लावलं होतं तेही. बोलताना मी त्यांच्याकडे बघत होते. चेहरा एकदाच हलला, मी 'प्रमाण' म्हणाले तेव्हा.

मला वाटलं पट्टीबद्दल विचारतील, शालीबद्दल विचारतील. त्यांनी यादी मागितली.

दोनशे बारा नावांवरून ते बोट फिरवत गेले, अगदी सावकाश. सेन्सर बांधायचं काम त्यांचंच असल्यामुळे प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेला होता. खो-खोची ऋतुजा, उजवा घोटा दुखतोय म्हणत असताना हिरवा रिपोर्ट बघून प्रशिक्षकाने मैदानात उतरवलेली. हिचा नंतर सामन्यात पाय पुन्हा गेला मॅडम, ते म्हणाले. आणखी चार नावं झाली. मग एका नावावर बोट थांबलं. हिंमतराव पोकळे, धायरी. वय अडुसष्ट, ट्रक चालवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी आले होते, तक्रार अशी की उजव्या पायातली चप्पल चालताना निसटते आणि ती निसटल्याचं कळतही नाही. यंत्राने त्यांना शंभरपैकी अठ्ठ्याण्णव दिले होते. हिंमतरावांचा विश्वास बसेना. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, तेव्हा त्यांना धीर द्यायला नागोरावांनीच सांगितलं होतं, काळजी करू नका, तुम्ही अगदी माझ्यासारखं चालायलात.

हे सांगून झाल्यावर नागोरावांनी डोळे पुसले. डाव्या हाताने पुसले.

ते उठले आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेले, कारण परवानगीशिवाय संचालकांच्या खोलीत कुणी गेलं तर नोंद माझ्याकडे करायची असते. नागोरावांनी सगळ्यांना परत बोलवा म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं, खूप समजुतीने बोलले. सत्कार व्हायचाच आहे, शाल तयार आहे, पट्टीवर नको असलं तरी मानद पद आपण ठेवू, पाटी लावू. आणि मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं, की लोकांना बोलवायचं तर पत्रात कारण द्यावं लागेल. प्रमाण व्यक्तीच आजारी होती, असं. "नागोराव, तुमचं नाव सगळीकडे जाईल. ज्याच्या जिवावर हे केंद्र उभं राहिलं त्याच्याबद्दल लोक काय म्हणतील?"

"जाऊ द्या की साहेब," नागोराव म्हणाले. "आजवर बी माझंच नाव होतं ना त्याच्यावर? चांगल्याला मी, आन् वाईटाला दुसरा कोण?"

डॉक्टर म्हणाले, विचार करतो. आमच्याकडे विचार करायला किमान दोन बैठका लागतात. मी टेबलावर येऊन पत्र टाइप केलं. चार ओळींचं होतं, आयुष्यातलं माझं सगळ्यात साधं पत्र. केंद्राकडून चूक झाली आहे, आपली तपासणी पुन्हा विनामूल्य करण्यात येईल. कारण लिहिलं, नागोरावांचं नाव त्यांना विचारून घातलं, आणि त्याखाली हेही लिहिलं की मॅन्युअल कार्यालय अधीक्षकांच्या कपाटात बंद होतं. मग त्यावर जावक क्रमांक टाकला. आमच्या संस्थेत एकदा जावक क्रमांक पडला की ते पत्र प्रत्यक्ष संचालकांनाही मागे घेता येत नाही. हा नियमही मीच केलेला आहे.

डॉक्टर तासाभराने बाहेर आले, प्रत वाचली, माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसत होते. ते परत आत गेले, आणि वर्धापनदिनाच्या पत्रिकेतून शोधनिबंधाचं वाचन तेवढं त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं. सत्काराचं खोडायला नको, असं मी नागोरावांना सुचवून पाहिलं. त्यांनी सत्कारही नको म्हणून मान हलवली, आणि पत्रं पोचायला चार दिवस लागतील, तोवर फोन केला तर चालेल का, असं विचारलं.

मी फोन त्यांच्याकडे सरकवला. उजव्या हातात रिसीव्हर फार वेळ धरवत नव्हता, म्हणून स्पीकर लावून दिला. त्यांनी पहिला नंबर हिंमतराव पोकळ्यांचा फिरवला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, मग "कोन?" असा प्रश्न.

नागोरावांनी ओळख दिली, आठवण दिली. मग म्हणाले, "काका, तुमच्या पायात काही नाही म्हणून सांगितलं होतं मी. ते चुकीचं होतं. मशीन माझ्यावरनं लावलेली होती, आन् मलाच आजार हाय. तुमचा बी पाय खरंच दुखावलेला असंल. परत या, नीट बघू."

शिव्या येतील म्हणून मी तयारी करून बसले होते, आणि त्या माझ्या वाट्याच्याही होत्या.

"म्हंजी मी नाटक करत नव्हतो?" हिंमतराव म्हणाले.

"नाही काका."

"दोन वरीस घरात समदी म्हनत्यात, म्हातारा ढोंग करतोय. रिपोर्ट दावत्यात मला. रंगीत रिपोर्ट." त्यांचा आवाज बारीक झाला. "सूनबाई हितंच हाय. तिला सांगता का जरा?"

"द्या तिच्याकडं," नागोराव म्हणाले, आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. पलीकडे फोन हातोहात गेला, बांगड्या वाजल्या, एका बाईने संशयाने 'हॅलो' म्हटलं. नागोरावांनी टेबलाची कड डाव्या हाताने घट्ट धरली होती.

"ताई, मी केंद्रातनं नागोराव बोलायलो. तुमचे सासरे खरं सांगत होते."